मातीची शिकवणी

आमच्या महालातल्या वाड्याची मागची भिंत मी दोनदा बिघडवली. एकदा समोर उभा राहून, आणि एकदा अरबी समुद्रापलीकडून, पोस्टाने. दोन्ही वेळा घरच्यांनी माझे निमूटपणे ऐकले, कारण घरात वास्तुशास्त्राची पदवी घेतलेला मीच एकटा. पदवी नसती तर त्यांनी मिस्त्रींचे ऐकले असते आणि भिंत सुखात राहिली असती.

नागपूरच्या वाचकांना महाल सांगायला नको. इतरांसाठी दोन शब्द. भोसल्यांच्या राजधानीची ही जुनी वस्ती. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाने नटलेला राजवाडा येथे होता. 1864 साली तो आगीत गेला. आमचा वाडा काही त्या तोलाचा नव्हे. बडकस चौकातून आत शिरल्यावर दोन वळणांनंतर लागणारे ते साध्या कारकुनी घराण्याचे घर: पुढे ओटा, मग ओसरी, मधे चौक, मागे माजघर आणि देवघर. खांब सागाचे, दगडी तळखड्यावर उभे, वर कवेलू, आणि भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड हात रुंद. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी माजघरात दुपारी झोप लागायची. त्याचे श्रेय आम्ही वाळ्याच्या ताट्यांना देत असू. भिंतीला श्रेय देण्याचे कोणाला सुचले नाही.

भिंतीची एकच खोड होती. दर पावसाळ्यानंतर तिचे पोपडे पडत. दिवाळीच्या आधी आई आणि काकू माती-शेणाने लिंपण करीत, वरून चुन्याचा हात देत, आणि पुढल्या वर्षी पुन्हा तेच. 1984 साली मी पदवीधर झालो. 1985 च्या उन्हाळ्यात मी नानांना म्हणालो, “दरवर्षीचा हा जाच कशाला? एकदा सिमेंटचा गिलावा करून टाकू. कायमचा इलाज.”

आमचे मिस्त्री कोपऱ्यावरच राहत. त्यांच्या वडिलांनी आमच्या आजोबांच्या वेळी माजघराची दुरुस्ती केलेली. ते आले, भिंतीवर तळवा ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “बाबू, हे मातीची भिंत आहे जी. हिले सिमिट धरत नाही. घुसमटते ते.”

मी त्यांना सिमेंटची ताकद आकड्यांत सांगितली. मिस्त्री आकड्यांशी वाद घालणारे नव्हते. ते नानांकडे बघू लागले. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा भिंतीवर टांगलेल्या माझ्या पदवीच्या चौकटीकडे पाहिले आणि म्हणाले, “मुलगा शिकलाय, मिस्त्री. त्याच्या मनासारखं होऊ द्या.” मिस्त्रींनी काम नाकारले नाही. आठ दिवसांत भिंत करडी, गुळगुळीत आणि कडक झाली. मी तिच्यावर टिचकी मारून सगळ्यांना आवाज ऐकवला.

1993 साली नोकरीसाठी मस्कतला गेलो. तेथल्या कचेरीत काम भरपूर आणि पगार वेळेवर. मस्कतमध्ये इमारतीच्या रंगावर आणि घाटावर नगरपालिकेचे बंधन असते. शहर पांढरे आणि जुन्या वळणाचे दिसले पाहिजे. म्हणून आम्ही काँक्रीटच्या पेट्या काढायचो आणि त्यांना वरून किल्ल्याचे कंगोरे आणि कमानी चिकटवायचो. जुन्या घरांच्या कमानी मी कॅलेंडरावरून उतरवून घेत असे, हे कबूल करायला आता हरकत नाही.

नानांचे महिन्याला एक पत्र येई. 1995 च्या पावसाळ्यात त्यांनी लिहिले: “मागच्या भिंतीला पोट आले आहे. देवघराच्या बाजूने ओल कमरेपर्यंत चढते. मिस्त्री बघून गेले, काही बोलले नाहीत.” मी उलट टपाली ड्राफ्ट पाठवला आणि सविस्तर सूचना लिहिल्या: ओल बाहेरून येत असणार, तरी दोन्ही बाजूंनी सिमेंटचा आणखी एक थर द्यावा, त्यात ओल रोखणारी भुकटी घालावी. नानांनी तसे करून घेतले. भिंत बिघडवण्याची ही दुसरी खेप.

पुढच्याच वर्षी आमच्या कचेरीकडे एक लहानसे काम आले. मस्कतमध्ये नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचे वडिलोपार्जित घर निजवाजवळ होते, मस्कतपासून दीडशेएक किलोमीटरवर. तीन मजली, कच्च्या विटांचे, आणि पंधरा-वीस वर्षे रिकामे. ते दुरुस्त करायचे होते. असले किरकोळ काम कोणाला नको होते म्हणून ते माझ्याकडे आले. मी नेहमीप्रमाणे कागद तयार केला: जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा. गृहस्थांनी तो वाचला आणि नम्रपणे म्हणाले, “आधी वालिदना विचारू या.”

वालिद म्हणजे वडील. ओमानात वडीलधाऱ्या माणसाला याच नावाने हाक मारतात. हे वालिद सत्तरीचे गवंडी होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. 1970 साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा साऱ्या ओमानात डांबरी रस्ता सुमारे 10 किलोमीटर आणि शाळा 3 होत्या, असे सांगतात. सिमेंट, लोखंड, काच हे सगळे त्यानंतरचे. त्यामुळे मातीत हात घालून घरे उभारलेली माणसे मी गेलो तेव्हा अजून हयात होती. फक्त त्यांना काही विचारायला कोणी येत नव्हते. वालिद बांधकामावर आमच्याकडच्या मजुरांबरोबर राहून मोडकेतोडके हिंदी शिकले होते. माझे अरबी त्याहून मोडके. दोघांची शिकवणी अशा भाषेत झाली.

त्यांनी मला आमच्या घराकडे नेलेच नाही. गल्लीच्या टोकाला एक पडके घर होते, त्याच्या भिंतीला कोणीतरी सिमेंट लावले होते. वालिदनी हातातल्या काठीने भिंतीवर वाजवले. पोकळ आवाज आला. मग त्यांनी एका भेगेत बोट घातले आणि जरा ओढले. सिमेंटचा पत्रा जागच्या जागी राहिला आणि आतून माती पिठासारखी भसाभसा खाली आली. बाहेरचे कवच उभे होते. आत भिंत नव्हती.

“पानी नीचे से आता है,” वालिद म्हणाले, “तुम ऊपर ताला लगाता है.”

शास्त्र इतकेच आहे. जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत वर चढते, जशी ती दिव्याच्या वातीत चढते. मातीचे लिंपण आणि चुना यांतून ती वाफ होऊन निघून जाते. जाताना थोडे पोपडे काढते, तेवढे दरवर्षी लिंपायचे. सिमेंट तिला जाऊ देत नाही. ओल आत कोंडते, आणखी वर चढते, क्षार आतल्या आत फुलतात, माती भिजून खाली बसते. पोपडे हा भिंतीचा रोग नव्हता, तिचे श्वास घेणे होते. आणि हे मला एका माणसाने अकरा वर्षांपूर्वी एका वाक्यात, माझ्याच बोलीत सांगितले होते.

त्या रात्री मी निजवाच्या लॉजवर झोपलो नाही. नानांचे पत्र पाठ होते. भिंतीला पोट आले आहे.

मस्कतला परत येऊन मी घरी लिहिले की सिमेंट सगळे काढून टाकायला हवे, चूक माझी आहे, मिस्त्रींना विचारा. उत्तरादाखल पोस्टकार्ड आले: “मिस्त्रींना वाचून दाखवले. पावसात भिंत उघडी करता येत नाही, मे महिन्यात या म्हणाले. हसले नाहीत.”

मेला आठ महिने होते. ओमानात तेव्हा आठवड्याची सुटी गुरुवार-शुक्रवारी असे. दर बुधवारी संध्याकाळी मी गाडी काढून निजवाला जाऊ लागलो. कचेरीला वाटले, कामाची फार आस्था. खरे म्हणजे मी क्लासला जात होतो.

वालिदना नकाशाचे प्रेम नव्हते. पहिला धडा मातीचा. खजुराच्या बागेतली माती त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली: खारी. दुसऱ्या बागेतली चाखली, मान हलवली. खारी माती विटेला चालत नाही, क्षार पुढे भिंत फोडतात. मलाही चाखायला लावली. पहिल्या दिवशी दोन्ही माती मला सारख्याच लागल्या. महिन्याभरात फरक कळू लागला. मातीत पेंढा मिसळून, पायाने तुडवून, लाकडी साच्यातून विटा काढायच्या आणि उन्हात उलटपालट करून वाळवायच्या. मी काढलेल्या पहिल्या वीस विटांपैकी चौदा तडकल्या. वालिदनी त्या फोडून पुन्हा पाण्यात टाकल्या. या कामात वाया असे काही जात नाही, हे मला फार आवडले.

छतासाठी दोन लाकडे: खजुराचे उभे चिरलेले खोड, आणि ज्यांना परवडे त्यांच्याकडे चंदल, म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या खाड्यांतून गलबतांनी येणारे खारफुटीचे वासे. वाशाची लांबी ठरलेली, म्हणून खोलीची रुंदी अडीच-तीन मीटरच्या पुढे जात नाही. लांबट, अरुंद खोल्यांची ती घरे मला आधी गैरसोयीची वाटत. मग आठवले की आपण वाडा खणांत मोजतो तो तुळयांच्या हिशेबानेच. दारे मात्र सागाची, हिंदुस्थानातून आलेली. सागाला अरबीत ‘साज’ म्हणतात. त्या घराच्या थोरल्या दारावर हात फिरवताना मला आमच्या ओसरीचे खांब आठवले. ते आलापल्लीच्या जंगलातले, असे आजोबा सांगत.

पण खरा धडा सारूजचा. ओमानात पाणी डोंगरातून ‘फलज’ नावाच्या कालव्यांनी येते. असे तीन हजारांहून अधिक फलज आजही वाहतात, त्यांतल्या पाचांना 2006 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. गावातल्या प्रत्येक बागेला पाण्याची पाळी ठरलेली. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ती मोजत. एवढे मोलाचे पाणी मातीच्या पाटात मुरून चालणार नाही, आणि साधा चुना पाण्याखाली टिकत नाही. म्हणून सारूज. चिकणमातीचे गोळे वाळवायचे, खजुराच्या खोडांवर रचायचे आणि कित्येक दिवस जळू द्यायचे. थंड झाले की काठ्यांनी बडवून पूड करायची आणि चुन्यात कालवायची. हा गिलावा पाण्यात घट्ट होतो.

ढीग उकलला तेव्हा वालिद एकेक गोळा हातात घेऊन निवडू लागले. काळपट, खणखणीत भाजलेले गोळे मी कौतुकाने बाजूला काढत होतो. त्यांनी तेच फेकून दिले. त्यांना हवे होते ते तांबूस, नखाने ओरखडा उठणारे. फार भाजली की माती मरते. मग ती चुन्याशी बोलत नाही, असे त्यांचे म्हणणे. रसायनशास्त्र निराळ्या शब्दांत हेच सांगते.

भाजलेल्या मातीची तांबडी पूड आणि चुना. हे मी कोठेतरी पाहिले होते. दोन दिवस आठवत होतो आणि तिसऱ्या दिवशी गाडी चालवताना आठवले: सुरखी. आमच्या वाड्यातल्या विहिरीचे तांबडे पाळे. आणि त्याबरोबर मागच्या अंगणातले ते दगडी चाक, मधे भोक असलेले, ज्यावर आई लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवायची आणि आम्ही मुले बसून चिंचा खायचो. चुन्याच्या घाणीचे ते चाक होते. तीस वर्षे मी त्यावर बसलो होतो.

1997 च्या मेमध्ये सहा आठवड्यांची रजा घेऊन घरी आलो. मिस्त्रींना रिक्षाने आणावे लागले; गुडघे गेले होते. ओट्यावर बाज टाकून ते बसले. काम त्यांचा नातू आणि दोन बेलदार करणार आणि मिस्त्री तेथून सांगणार. पहिली छिन्नी मी मारली. हाताएवढा सिमेंटचा तुकडा निघाला आणि आतून माठाच्या बुडासारखा गार, कुबट वास आला. मे महिन्याच्या नागपुरात भिंत आतून ओली होती. तिसऱ्या दिवशी भिंतीत चिणलेला एक सागवानी खांब उघडा पडला. तळखड्यापासून वीतभर त्याचा भुगा झाला होता. आलापल्लीचा साग, त्याला शंभर वर्षांत वाळवी लागली नव्हती.

नाना माझ्या मागे उभे होते. म्हणाले, “अरे, शिकायला इतक्या लांब कशाला गेलास? मिस्त्री तर कोपऱ्यावरच राहत होते.”

थट्टा होती ती. मला ती अजून तशी ऐकू येत नाही.

उत्तरेकडची आठ फूट भिंत वाचण्यासारखी नव्हती. ती उतरवली, तीच माती पाण्यात घालून मळली, तुरीचे कुटार मिसळले आणि तिचीच भिंत पुन्हा घातली. उरलेल्या भिंतीला मातीचा हात, आणि खालच्या तीन फुटांना चुना-सुरखी. सुरखीसाठी मी भट्टीवरून चांगल्या पक्क्या विटा मागवल्या. मिस्त्रींनी एक उचलली, टिचकी मारली, परत ठेवली. “हे नाही जी. कच्ची-पक्की आणा, तांबडी. जे भट्टीवाला फेकते ते.” मी काही न बोलता रिक्षा परत पाठवली. चुना कटणीचा, हौदात महिनाभर आधीच मुरत घातलेला. त्यात बेलफळाचे आणि गुळाचे पाणी. दगडी चाक मात्र फिरले नाही. महालात बैल आणायचे कोठून? खलबत्ता आणि पाटावरवंटा यांवर भागवले, आणि काकूंनी पाटा परत घ्यायला साफ नकार दिला.

एका बाबतीत मी पुन्हा शहाणपणा करणार होतो. निजवासारखे सपाट धाबे आणि सरळ भिंत मला फार देखणी वाटू लागली होती. पुढे आलेली कवेलूंची पागोळी कापावी, असे मी सुचवले. मिस्त्रींनी विचारले, “तिकडं पाणी किती पडते जी?”

म्हटले, “वर्षाचा पाऊस आपल्याकडच्या एका झडीत पडतो.”

“मंग तिकडचं तिकडंच ठेवा.”

पागोळी राहिली. पुढे मी इजिप्तचे हसन फथी वाचले. 1940 च्या दशकात गुर्ना गावासाठी बिनसाच्याच्या कमानी उभारायला त्यांनी नूबियातले गवंडी आणले होते, कारण ती कला तेवढ्यांच्याच हातात उरली होती. लॉरी बेकर हे इंग्लंडचे वास्तुविशारद; पिठोरागडच्या डोंगरात त्यांनी गावकऱ्यांच्या दगडी घरांपुढे आपले पुस्तकी ज्ञान गुंडाळून ठेवले. आणि इतके कशाला, नागपूरहून दोन तासांवर सेवाग्राम आहे. तेथली बापूकुटी माती, बांबू आणि कवेलूंची. तिच्या उभारणीत विलायतेत वाढलेल्या मीराबेन राबल्या होत्या. शाळेच्या सहलीत मी ती पाहिली होती. मला आठवते ते सहलीतले पिठले.

14 जूनला काम संपले आणि आठवड्याभरात पाऊस आला. मी मस्कतला परत गेलो. त्या वर्षी नानांच्या पत्रात भिंतीविषयी एकच ओळ होती: “पोपडे पडले. आईने लिंपले.” इतके आनंदाचे पत्र मला त्यांनी दुसरे लिहिले नाही.

निजवाचे घर पुढच्या वर्षी पुरे झाले. वालिद त्यानंतर फार जगले नाहीत, आणि आमचे मिस्त्रीही. मी 2008 साली कायमचा परत आलो. नाना दोन वर्षे आधीच गेले होते. वाड्याचा पुढचा अर्धा भाग चुलतभावांच्या वाटणीचा, तो 2012 साली पाडला गेला. तेथे चार मजली इमारत आहे. त्यांना दोष कसा देऊ? मुले मोठी झाली, खोल्या लागतात, आणि काँक्रीटचे आराखडे काढून देण्याचा धंदा मी स्वतः आजही करतो. सिमेंटशी माझे वैर नाही. मात्र जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे हवेत जातो, आणि तो कमी करण्यासाठी स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या आय.आय.टी.तले संशोधक भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी सिमेंटात मिसळण्याचे प्रयोग करीत आले आहेत. माती किती भाजावी, फार भाजली तर काय होते, यावर निबंध निघतात. ते वाचताना मला भट्टीवर परत पाठवलेली ती रिक्षा आठवते.

मागचा अर्धा भाग आमचा. भिंत उभी आहे. मिस्त्रींचा पणतू आता स्लॅब ओततो, पण दर वर्षी दसऱ्यानंतर दोन दिवस सुट्टी काढून आमच्याकडे येतो. त्याला चुना मुरवता येतो. निवडक लोक त्याला जुन्या घरांच्या कामासाठी बोलावू लागले आहेत. तो त्यांच्याकडून चांगले पैसे घेतो, आमच्याकडूनही घेतो.

सिमेंट मात्र सगळे निघालेले नाही. देवघराच्या दाराशी हातभर रुंद पट्टी तशीच आहे. 1997 साली मी तेथे छिन्नी लावली तेव्हा आई आडवी आली. त्या गुळगुळीत सिमेंटवर तिने भावाच्या मुलांच्या आणि माझ्या मुलीच्या उंचीच्या रेघा पेन्सिलीने ओढल्या होत्या, शेजारी तारखा. मी तिला ओल, क्षार, श्वास सगळे समजावून सांगितले. मिस्त्री ओट्यावरून ऐकत होते. म्हणाले, “राहू द्या बाबू तेवढं.”

आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. श्रावणात ती पट्टी घामेजते, आणि रेघा पुसल्या जाऊ नयेत म्हणून ती पदराच्या टोकाने हलकेच टिपून घेते.